मे महिन्यात कोंबडी खात का नाही? पशुसंवर्धन मंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण दर डिसेंबरात नागपुरात येता. तेव्हा इथल्या शेडमध्ये पक्षी खाद्यावर तुटून पडत असतात आणि तक्रार करावी असे फारसे काही नसते. मी लिहितोय ते मे महिन्याबद्दल. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश तापमान पाहिले आहे, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की पंचेचाळिशी ओलांडणे इथे कुणाला नवल वाटत नाही. त्या दिवसांत काटोल, कळमेश्वर, उमरेड, मौदा, सगळीकडून मला एकच फोन येतो : "डॉक्टरसाहेब, भांडी भरून आहेत, पण पक्षी खाऊन नाही राहिले."

त्यावर जे सांगितले जाते ते सगळे औषधाच्या दुकानातले असते. लिव्हर टॉनिक पाजा, अँटिबायोटिक द्या, पाण्यात अमुक पावडर टाका. पण बहुतेक वेळा तो पक्षी आजारी नसतोच. खायचे नाही, हे त्याच्या मेंदूने ठरवलेले असते. उन्हाने मेंदूवर येणारा ताण हलका करण्याचे मोठे साधन खाद्याच्या गोणीत असते, आणि गोणीत नेमके काय भरले जाते याकडे शासनाचे लक्ष नाही. म्हणून हे पत्र.

दुपारी दोनला ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये उभे राहिले की काय दिसते ते सांगतो. पक्षी पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी टाकून बसलेले असतात. गळ्याची कातडी भराभर हलत असते. पाण्याच्या निपलखाली गर्दी आणि फीडरजवळ कुणी नाही. फीडरमध्ये हात घातला तर वर मक्याचे मोठे तुकडे तेवढे टिपलेले आणि तळाला बारीक भुकटी साचलेली. जीवनसत्त्वे, खनिजे आणि वेगळी घातलेली अमिनो आम्ले (प्रथिने ज्यांची बनतात ते घटक) बरीचशी त्या भुकटीतच असतात. म्हणजे जो थोडाफार खातो तोही अर्धवटच खातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे धापा टाकणे हाच मुख्य मार्ग. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो, रक्ताची आम्लता घटते, आणि लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, पक्ष्यांच्या अंड्याचे कवच पातळ पडते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक गट न्यूरोपेप्टाइड वाय नावाचे द्रव्य सोडून भूक चेतवतो, दुसरा गट मेलॅनोकॉर्टिन सोडून ती आवरतो. उन्हाचा ताण आला की तिथेच सीआरएच हे ताणाचे संप्रेरक सुटते. ते पिट्युटरीला जागे करते, पिट्युटरी ॲड्रिनल ग्रंथीला, आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे दुसरे संप्रेरक चढते. सीआरएच स्वतःही भूक मारते. यात शरीराचा शहाणपणा आहे, कारण अन्न पचवतानाही उष्णता तयार होते आणि तापलेल्या पक्ष्याला ती परवडत नाही. पण हे आठवडाभर चालले की कॉर्टिकोस्टेरॉन छातीचा स्नायू झिजवू लागते, बर्सा आणि थायमस हे रोगप्रतिकारशक्ती घडवणारे अवयव आक्रसतात, आणि मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाची लस वेळेवर देऊनही तिचा हवा तसा उपयोग होत नाही. त्यानंतर जी मरतूक होते तिच्या नोंदीत रोगाचे नाव येते, उपाशी राहिलेल्या दिवसांचा उल्लेख येत नाही.

पक्ष्याचा मेंदू आपल्यासारखा चालतो असेही समजू नये. घ्रेलिन हे संप्रेरक माणसात भूक वाढवते. कोंबडीच्या पिल्लाच्या मेंदूत ते टोचले तर पिल्लू खायचे थांबते. म्हणून माणसांवरून किंवा डुकरांवरून उचललेली भूकवर्धक औषधे कोंबडीला पाजणे हा नुसता अंदाजाचा खेळ आहे, आणि त्याचे बिल शेतकरी भरतो.

आता खाद्याकडे येतो. ताण आवरणाऱ्या मेंदूतल्या द्रव्यांपैकी सेरोटोनिन महत्त्वाचे. ते थेट भूक वाढवत नाही, मेंदूत टोचले तर उलट कमीच करते. पण ते पुरेसे असले की पक्षी शांत राहतो, एकमेकांची पिसे कमी उपटतो आणि ताणातून लवकर सावरतो. रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूला ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतः तयार करावे लागते, आणि ट्रिप्टोफॅन पक्ष्याच्या शरीरात बनत नाही, खाद्यातूनच यावे लागते. शिवाय मेंदूत शिरताना त्याला ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन अशा इतर अमिनो आम्लांबरोबर एकाच दारातून जावे लागते. दारात ल्युसिनची गर्दी झाली की ट्रिप्टोफॅन बाहेर राहते.

मक्यात ट्रिप्टोफॅन मुळातच कमी. ती उणीव सोयाबीनची पेंड, आमच्या भाषेत डीओसी, भरून काढते. गेल्या काही वर्षांत मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, बाजारात मुबलक आणि स्वस्त झाला, आणि खाद्यात डीओसीची जागा तो घेऊ लागला. सोयाच्या पेंडीत ट्रिप्टोफॅनच्या साधारण पाच-सहा पट ल्युसिन असते. मक्याच्या डीडीजीएसमध्ये ते पंधरा पटीच्या आसपास जाते. गोणीवर छापलेला प्रथिनांचा टक्का दोन्हीकडे सारखा जुळवता येतो. मेंदूपर्यंत पोहोचणारा हिशेब जुळत नाही. त्यात आणखी एक धोका आहे. मक्याला बुरशी लागलेली असेल तर त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष डीडीजीएसमध्ये सुमारे तिपटीने दाट होते, आणि अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवून भूक आणखी मारते.

डीडीजीएसवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. माल चांगला असेल, प्रमाण मर्यादित असेल आणि कमी पडणारी अमिनो आम्ले वेगळी मिसळली असतील, तर ते वापरायला हरकत नाही. पण आज करारावर पक्षी पाळणाऱ्या शेतकऱ्याला कंपनीकडून गोण्या येतात आणि त्यात काय आहे ते त्याला कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका शेतकऱ्याचे पक्षी वजनाला मागे पडले. कंपनीच्या सुपरवायझरने ठपका त्याच्या व्यवस्थापनावर ठेवला आणि ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवण्याचा मोबदला, कापला. खाद्य तपासायचे कुणालाच सुचले नाही. त्या माणसाने शेडवर उसाचे पाचट अंथरले होते, पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर लावले होते, बाजूंना गोणपाट बांधून दर तासाला भिजवत होता. यापलीकडे त्याने काय करायला हवे होते?

याची दुसरी बाजू विदर्भाला आणखी झोंबणारी आहे. २०२१ मध्ये पेंड महागली म्हणून केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयातीला परवानगी दिली. आज डीडीजीएसमुळे पेंडीची मागणी घटली आहे, आणि सोयाबीनचे दर पडण्याच्या कारणांत तेही एक आहे. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, तरी त्याच्या खाली माल विकून रिकामी बैलबंडी घेऊन परतणारे शेतकरी याच जिल्ह्यात आहेत. एकाच गावात एकाचे सोयाबीन पडून आहे आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यांना सोया कमी पडतोय.

माझ्या मागण्या यातूनच निघतात. खाद्याच्या प्रत्येक गोणीवर पचनीय लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांचे प्रमाण, डीडीजीएसचा टक्का आणि अफ्लाटॉक्सिनची तपासणी छापणे राज्यात बंधनकारक करा. महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ नागपुरातच आहे. शेतकऱ्याने पिशवीत आणलेल्या मूठभर खाद्याची अमिनो आम्ले तिथे त्याला परवडणाऱ्या दरात तपासून मिळावीत आणि कंपनीशी वाद झाला तर तो अहवाल ग्राह्य धरला जावा. त्याच विद्यापीठाला विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी वेगळे खाद्यसूत्र ठरवायला सांगा. दिशा माहीत आहे : एकूण प्रथिने थोडी कमी, अमिनो आम्ले नेमकी, ऊर्जेचा काही भाग तेलातून (कारण ते पचताना उष्णता कमी निर्माण होते), सोबत क जीवनसत्त्व, खाण्याचा सोडा आणि पोटॅशियम. दुपारी फीडर वर उचलायचे आणि पहाटे व रात्री खाऊ घालायचे. पण ट्रिप्टोफॅन नेमके किती वाढवावे हे चाळीसच्या वरच्या पाऱ्यात, आमच्याच उघड्या बाजूंच्या शेडमध्ये पाहून ठरले पाहिजे. वातानुकूलित प्रयोगशाळेतला आकडा इथे जशास तसा लागू होणार नाही.

विजेबद्दल थोडक्यात. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याबद्दल मनापासून आभार. दर शेतीचा मिळो, पण पुरवठा शेतीच्या वीजवाहिनीवरचा आठ तासांचा नको. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच लाइन गेली तर फॉगर आणि पंखे बंद, आणि मग कोणतेही खाद्य कामाचे नाही.

आणि शेवटची मागणी, जिला एक रुपयाही लागत नाही. शासनाच्या योजनेतून बायाबापड्यांना २५ तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि ३ नर दिले जातात. विदर्भात त्यांचे वाटप एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत बंद ठेवावे. प्रवासाचा ताण, नवी जागा, नवे खाद्य आणि त्यात हे ऊन, इतके सगळे एकदम झेलायला लावले की पक्षी पहिले काही दिवस चोच लावत नाही, आणि महिन्याभरात त्या बाईच्या अंगणात पाच-सहाच उरतात. तेच पक्षी ऑगस्टमध्ये द्या. परिपत्रक जानेवारीत निघाले तर येत्या उन्हाळ्यालाच लागू होईल.

आपला नम्र,
एक खासगी पशुवैद्यक, नागपूर