पाहुण्यांना काय सांगायचं

जामनगर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

"मुलगा वेल्डर म्हणजे ग्रिलं-दारं करतो का?" असं पाहुण्यांनी विचारलं आणि आईचा पारा चढला, हे ताईने सांगितलं. आई, रागावू नकोस. रिफायनरीतले पाइप जोडतो, एवढंच सांग. आमच्या '६जी' नावाच्या वेल्डिंग चाचणीत पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बांधतात. तो फिरत नाही, आपणच त्याच्याभोवती वाकायचं. रूट म्हणजे सांध्याचा सगळ्यात आतला थर टिग वेल्डिंगने, वरचे थर साध्या रॉडच्या आर्क वेल्डिंगने, मग एक्स-रे. रूटला बारीक भोक दिसलं तरी जॉइंट रिपेअरला. नवीन साइट म्हटली की पुन्हा चाचणी! म्हणून तर माझी हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, हेल्परच्या दुपटीहून जास्त आहे.

बाबा, 'हे काम कायमचं कुठे?' ही तुमची शंका मात्र रास्त आहे. शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, बारा-बारा तासांची पाळी असते, पैसा खणखणीत मिळतो. पण शटडाउन संपला की पुढचं काम लागेपर्यंत घरीच. हजेरीला बारा महिन्यांनी गुणू नका, आठ-नऊ धरा. तरीही लोटे एमआयडीसीतल्या कायम नोकरीपेक्षा थोडं जास्तच पडतं, आणि ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो.

आता अबुधाबीतल्या रुवैसचं काम आलंय. महिना २,००० दिरहम, राहणं कंपनीचं. पण त्यात मूळ पगार १,२०० च, बाकी भत्ते. तिथे ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी (पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा पगार) दोन्ही मूळ पगारावर धरतात, म्हणून तोच वाढवून मागितलाय. बघू. उन्हाची काळजी नको, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं. आणि गावातला तो एजंट लाखभर मागतोय, त्याला दमडी देऊ नका. नोंदणी असलेल्या एजंटलासुद्धा ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

तिकडे कायमचं राहायचं नाहीये. चाळिशी लागली की रूट नीट दिसत नाही. आमचे जुने वेल्डर मग सपोर्टच्या, म्हणजे पाइपांचे आधार जोडायच्या, कामाला लागतात आणि हजेरी उतरते. त्याआधी वेल्डिंग इन्स्पेक्टरचा कोर्स करायचाय. रुवैसचे पहिले पैसे त्याला, छप्पर नंतर. आईला हे पटणार नाही, ठाऊक आहे.

बाबा, माझ्या ट्रंकेत दहावीचं सर्टिफिकेट आहे, ते स्पीड पोस्टाने पाठवा. पासपोर्टवरचा ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी परवानगी लागते असा शेरा, काढून घ्यायचाय.

तुमचा,
संतोष