डँपरवरचा हात थांबवल्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आपण आमच्याकडे जेवायला आला होतात. त्या रात्रीबद्दल आपले नीट आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. बॉस्टनजवळच्या या जुन्या घरातला आमचा तो पहिलाच हिवाळा होता. जेवणे आटोपली, फायरप्लेसमधला जाळ बसला, नुसते निखारे उरले आणि खोलीतली ऊब वर निघून जाऊ नये म्हणून मी चिमणीची झडप, म्हणजे डँपर, बंद करायला निघाले. आपण उठून माझा हात धरलात. "निखारे लाल आहेत तोवर ती उघडीच राहू दे. धूर दिसत नाही, म्हणजे वायू निघत नाही असे नव्हे," एवढेच आपण म्हणालात. वरच्या मजल्यावर आमची दोन्ही मुले झोपली होती.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो, हे मी शाळेत शिकले होते. पण समोरच्या निखाऱ्यांशी त्याचा संबंध मी कधीच लावला नव्हता. माझे बालपण कोकणात चुलीजवळ गेले, त्यामुळे विस्तव आपल्याला कळतो अशी माझी समजूत होती. तिथे धूर कौलांच्या फटींतून वाट काढत असे (त्या धुराने आजीची छाती खराब केली, हेही खरे). इथे थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट बंद असतात आणि धुराला चिमणी ही एकच वाट उरते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा जोरात चालू असेल, तर बंद घरातली हवा बाहेर ओढली जाऊन चिमणीतला धूर उलटा खोलीत येऊ शकतो, हे आपण पंखा लावून प्रत्यक्ष दाखवलेत, तेव्हा मला पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण विजेरी घेऊन आलात, चिमणीत डोकावलात आणि ती साफ होईपर्यंत काडी लावू नका, असे बजावलेत. सफाई करणाऱ्याला आत क्रिओसोटचा काळा, चकचकीत थर सापडला. ओले लाकूड धुमसत जळते, त्याचा धूर थंड चिमणीत गोठून हा डांबरासारखा थर धरतो आणि तोच पेटला की चिमणीतल्या मातीच्या नळ्या तडकून आग भिंतीपर्यंत पोहोचू शकते. आम्ही जाळत होतो तो ओक त्याच शरद ऋतूत तोडलेला होता. ओलावा मोजायचे आपले छोटे यंत्र त्यात खुपसले, तेव्हा आकडा ३४ टक्के आला. तो २० च्या खाली हवा, आणि ओकला त्यासाठी बहुधा दोन उन्हाळे लागतात, हे आपल्याकडूनच कळले. आमच्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मची मुदतही संपली होती. ते काम त्याच दिवशी झाले: आता प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर नवे अलार्म आहेत.

राखेबद्दल मात्र मला स्वतःचीच लाज वाटली. मी ती कागदी पिशवीत भरून गॅरेजमध्ये ठेवत होते. आपण रागावला नाहीत, फक्त विचारलेत, "तुझी आजी रात्री निखारे कशाखाली झाकून ठेवायची?" राखेखालीच! सकाळी राख बाजूला सारून, फुंकणीने फुंकून ती त्याच निखाऱ्यावर चूल पेटवायची. राख विस्तव जिवंत ठेवते, हे लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेले असूनही मी ते पार विसरले होते. आता राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरते आणि ती बादली घरापासून दहा फुटांपेक्षा लांब, उघड्या जमिनीवर कित्येक दिवस राहते.

काका, आपण चाळीस हिवाळे इथे काढलेत आणि त्यातले शहाणपण आम्हाला कमीपणा न वाटू देता दिलेत. आपण सांगितल्याप्रमाणे या वसंतात ओक फोडून, खाली फळ्या घालून आणि फक्त वरून झाकून कुंपणाशी रचला आहे. एकदा येऊन त्याची रचना पाहून जावी, ही विनंती.

आपली नम्र,
पलीकडच्या गल्लीतली आपली पुतणी