चिठ्ठीतल्या दुसऱ्या ओळीबद्दल

नौपाडा, ठाणे

आदरणीय ग्रंथपालताई,

सप्रेम नमस्कार.

‘वाचा, छान आहे’ म्हणून पुस्तक हातात देणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही पुस्तकात चिठ्ठी घालून देता आणि तिच्या दुसऱ्या ओळीत वाचक कुठे अडेल ते आधीच सांगून ठेवता. त्या ओळीसाठी हे जाहीर आभार. आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर आठवीतल्या मुलांपासून निवृत्त मंडळींपर्यंत सगळे आहेत, आणि आता सगळेच तुमच्या पद्धतीने पुस्तकं सुचवतात.

चिठ्ठी म्हणजे सूचीपत्राच्या जुन्या कार्डाची कोरी बाजू, साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर. लिहायचं पेन्सिलने, कारण पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत शाई शेजारच्या पानावर उतरते. टाचणी नको, स्टेपलही नको. दोन्ही गंजतात आणि कागदावर तांबडा डाग कायमचा बसतो. ओळी चारच: कोणासाठी, कुठे अडेल, कुठवर रेटायचं, यानंतर काय. तिसऱ्या ओळीत पानाचा आकडा घालायचा नाही. आवृत्ती बदलली की तो चुकतो, म्हणून प्रसंग लिहायचा.

‘बनगरवाडी’चंच बघा. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. छोटी आहे म्हणून हमखास शाळकरी मुलांना दिली जाते आणि अर्ध्यावर परत येते. यात खलनायक नाही, रहस्य नाही, ‘पुढे काय’ची ओढ सुरुवातीला लागत नाही, त्यात संवाद माणदेशी बोलीतले. तुमची चिठ्ठी सांगते: संवाद मोठ्याने वाचा, मास्तरांची शाळा नीट सुरू होईपर्यंत धीर धरा. बोली डोळ्यांना परकी वाटते ती कानाला लगेच ओळखीची होते, हे अगदी खरं आहे. एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक वर्षभर थांबवावं, हा आपला नेहमीचा नियम. पण बोलीतल्या पुस्तकांना तुम्ही तो लावत नाही, ते यासाठीच.

प्रकाश नारायण संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या कथांचीही तीच गत. बेळगावकडचं कानडी वळणाचं मराठी पाहून मुलांना छापण्यात चुका झाल्यात असं वाटतं. त्यावर तुमची एक ओळ पुरते: ‘हे असंच बोलतात तिकडे.’ क्रमही तुम्हीच लावून दिलात, वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. मधलंच उचललं तर लंपन आजी-आजोबांकडे का राहतो ते कळायला वेळ लागतो आणि मन लागत नाही.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त नववी-दहावीची मुलं अडत नाहीत, मोठी माणसं अडतात. नववीतल्या मुलाचं प्रेमप्रकरण एवढंच त्यांना दिसतं. कादंबरी आणीबाणीच्या काळात घडते, म्हणून कार्डामागे तुम्ही आणीबाणीच्या तारखा लिहून ठेवल्यात, २५ जून १९७५ ते मार्च १९७७. त्या वाचल्यावर घरातल्या मोठ्यांच्या बोलण्याचे अर्थ उलगडतात, आणि पालक व मूल एकच पुस्तक दोन अंगांनी वाचतात.

ललितेतर पुस्तकांत चूक वेगळी होते. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र प्रेरणादायी म्हणून बक्षीस समारंभात दिलं जातं, आणि तेवढ्यानेच मुलं त्याला हात लावत नाहीत. तुम्ही ते विज्ञानाची आवड असलेल्या मुलांकडे वळवलंत: सतत कापूस घेऊन जमीन का खंगते आणि भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत कसा आणतात, ते पाठ्यपुस्तकासोबत वाचा. असं दिलेलं पुस्तक पूर्ण वाचून होतं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रासाठी आधी मुखपृष्ठामागचं पान उघडून ‘संक्षिप्त’ असं छापलंय का ते बघायला तुम्ही शिकवलंत. अनुवादित पुस्तकांनाही हेच लागू: अनुवादकाचं नाव नसेल तर ते पुस्तक बाजूला ठेवावं. आम्हाला तर वाटतं, चाळिशीनंतर पुन्हा वाचायला लागणाऱ्याला ‘स्मृतिचित्रे’इतकं योग्य पुस्तक दुसरं नाही. वाक्यं आखूड, प्रसंग आटोपशीर. ठाणे ते वाशी लोकलमध्ये एक प्रसंग सहज वाचून होतो.

काउंटरवर तुम्ही ‘वाचायची आवड आहे का?’ असं कधी विचारत नाही. ‘शेवटचं काय आवडलं?’ असं विचारता, मग उत्तर मालिका असो की क्रिकेटची मॅच. त्या उत्तरावरून दोन पुस्तकं देता, एक सोपं, एक जड. जड परत आलं तरी सोपं वाचलेलं असतं, आणि मूल पुढच्या वेळी पुन्हा येतं.

यंदा कट्ट्यावर अलीकडची दोन वाचली. नंदा खरे यांची ‘उद्या’, जिचा २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला. ती सोळा-सतराच्या पुढच्यांसाठी. आणि कृष्णात खोत यांची २०२३ ची पुरस्कारप्राप्त ‘रिंगाण’, धरणात गाव गेलेल्या माणसांची. दोन्हींच्या चिठ्ठ्या सोबत पाठवतो आहोत. ‘रिंगाण’च्या चिठ्ठीत तिसरी ओळ कोरी ठेवली आहे. कुठवर रेटायचं यावर आमच्यात एकमत होईना. ती तुमच्या हातची हवी.

आपले,
नौपाड्यातले शनिवारचे वाचक