लाटेची उंची छापता, मग आवर्तनकालही छापा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हवामानाच्या चौकटीत समुद्राच्या वाट्याला बहुधा एकच आकडा येतो: ‘लाटांची उंची १.५ मीटर’. सर्फिंग करणाऱ्याला एवढ्यावरून काहीच कळत नाही, आणि खडकावर गळ टाकून बसणाऱ्याला तर हा आकडा फसवूही शकतो. दीड मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर पाण्यावर नुसती खळबळ असते. तीच १६ सेकंदांची असेल तर नवशिक्याने फळी घेऊन आत शिरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. हे सेकंद म्हणजे आवर्तनकाल: एका जागेवरून एक माथा गेला की दुसरा यायला लागणारा वेळ. तो उंचीच्या शेजारी छापावा, एवढ्यासाठी हे पत्र.

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, किती तास वाहिला आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. तिन्हींपैकी एक तोकडी पडली की लाटेची वाढ तिथेच अडते. जोराचा वारा चिंचोळ्या खाडीवरून वाहिला तर आखूड, उभ्या चढाच्या लाटा उठतात आणि लगेच फेसाळतात. तोच वारा शेकडो किलोमीटर पाण्यावरून दोन दिवस वाहिला तर ऊर्जा हळूहळू लांब लाटांकडे सरकते आणि आवर्तनकाल १४, १६, कधी १८ सेकंदांवर जातो. म्हणूनच ५-६ सेकंदांचा आकडा दिसला की लाट जवळपासच्या वाऱ्याची, आणि १२च्या वरचा दिसला की दूरच्या वादळाची, असे समजायला हरकत नाही. या दूरवरून आलेल्या लाटांना सर्फर ‘स्वेल’ म्हणतात.

खोल समुद्रात लाटेचा वेग तिच्या उंचीवर नव्हे, आवर्तनकालावर ठरतो. सेकंदांना १.५६ने गुणले की माथ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात मिळतो. सेकंदांच्या वर्गाला १.५६ने गुणले की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. गणित सोपे आहे, पण अनेक जण इथे हमखास चुकतात. माथा ज्या वेगाने धावतो त्याच्या निम्म्याच वेगाने ऊर्जा पुढे जाते. लाटांच्या तांड्यात मागे नवा माथा उगवतो, तांड्यातून पुढे सरकतो आणि पुढच्या टोकाला विरून जातो. तांडा मात्र आपल्या संथ चालीने येत राहतो. लाट कधी पोहोचणार हे काढायचे तर तांड्याचाच वेग धरावा लागतो, नाहीतर अंदाज निम्म्या वेळाने चुकतो.

वादळ ४,००० किलोमीटरवर आहे असे धरा. १८ सेकंदांच्या लाटांचा तांडा ताशी सुमारे ५० किलोमीटरने येतो, म्हणजे ७९ तासांत पोहोचतो. १४ सेकंदांचा तांडा ताशी ३९ किलोमीटरने, म्हणजे १०२ तासांत. मोठ्या आवर्तनकालाच्या लाटा जवळजवळ एक दिवस आधी येतात आणि त्या वेळी उंची बेताचीच असते. ‘०.६ मीटर, १८ सेकंद’ अशी नोंद दिसली तर ती वर्दी समजावी. खरे पाणी मागून येते आहे. वादळ जितके जवळ तितका हा वेळेचा फरक कमी होतो. वाटेत या लाटा फारशा विझतही नाहीत. १९६३ साली समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मापनकेंद्रे मांडून दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा प्रशांत महासागर ओलांडताना मोजल्या. वादळाचा परिसर सोडल्यावर त्यांची ऊर्जा फारच थोडी खर्च होते, असे दिसले. पसरत गेल्याने उंची घटते, ती वेगळी गोष्ट.

किनाऱ्याजवळ सूत्रे पालटतात. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्यावर आली की लाटेला तळ जाणवू लागतो. ६ सेकंदांच्या लाटेला तो २८ मीटरवर जाणवतो, १६ सेकंदांच्या लाटेला थेट २०० मीटरवर. त्यामुळे मोठ्या आवर्तनकालाची लाट बाहेरूनच वळायला लागते. भूशिरावर ती एकवटते, उपसागराच्या आतल्या बाजूला पसरून मवाळ होते. उथळ पाण्यात वेग कमी झाला की लाट आखडते आणि उंचावते. खोल पाण्यात १ मीटर असलेली ८ सेकंदांची लाट सरळ, मंद उताराच्या किनाऱ्यावर फुटताना सुमारे १.४ मीटर भरते; १६ सेकंदांची सुमारे १.९ मीटर. छापलेला आकडा दोन्हींना ‘१ मीटर’च म्हणणार! पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की लाट फुटते. तळ एकदम वर येत असेल तर माथा पुढे झेपावून नळी होते, तळ सावकाश चढत असेल तर फेस माथ्यावरून ओघळत राहतो.

मोठा आवर्तनकाल म्हणजे चांगली लाट, असेही नाही. सरळ वाळूच्या किनाऱ्यावर १७ सेकंदांच्या लाटेची लांबच लांब रेघ एका दमात कोसळते. फळीवरून बाजूला सटकायला वाटच राहत नाही. अशा जागी दोन दिशांनी आलेल्या ९-१० सेकंदांच्या लाटा बऱ्या, कारण त्या एकमेकींना छेदून तुटक उंचवटे तयार करतात.

अंदाजातला उंचीचा आकडा म्हणजे ‘लक्षणीय उंची’: सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. हे माप दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधताना समुद्रशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि वर उल्लेखलेले मंक यांनी रूढ केले. ती कमाल मर्यादा नाही. दोन तासांत एखादी लाट या आकड्याच्या पावणेदोन पट येणे अगदी साधी गोष्ट आहे. आवर्तनकाल मोठा असेल तर मोठ्या लाटांच्या दोन झुंडींमध्ये कित्येक मिनिटे समुद्र निवांत दिसतो आणि माणसे नेमकी त्याच वेळी खडकावर उतरतात.

दुसरी अडचण बेरजेची. दूरची स्वेल १.२ मीटर आणि जवळच्या वाऱ्याची लाट ०.९ मीटर असेल तर एकूण उंची २.१ नव्हे, १.५ मीटर येते. उंचींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. या एका आकड्यात चांगली लाट आणि खळबळ दोन्ही गडप होतात. वेव्हवॉच थ्री किंवा स्वान यांसारखी लाटांचा अंदाज बांधणारी संगणकीय प्रारूपे दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवू शकतात, म्हणजे माहिती नाही अशी सबब चालणार नाही.

प्रारूपे चुकतात ती बहुधा वाऱ्यामुळे. पूर्ण वाढलेल्या समुद्रात, म्हणजे त्या वाऱ्याने लाटा आणखी वाढणार नाहीत अशा स्थितीत, लाटेची उंची वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानुसार वाढते, म्हणून वाऱ्यात १० टक्के चूक झाली तर उंचीत सुमारे २० टक्के चूक होते. वादळ अजून तयारच व्हायचे असेल तर त्याच्या लाटांच्या अंदाजावर रजा टाकू नये. लाट निघून वाटेतल्या तरंगत्या मापकाने टिपली असेल तर भरवसा ठेवावा, वेळेत काही तासांचा फरक गृहीत धरून. किनाऱ्यावरचा वाराही पाहावा: जमिनीकडून मंद वारा असेल तर लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो, समुद्राकडून जोराचा असेल तर ती आधीच विस्कटते. आणि भरती-ओहोटीनुसार तीच लाट कधी वाळूच्या पट्ट्यावर फुटते, कधी त्यावरून तशीच निघून जाते.

तेव्हा चौकटीत एवढी ओळ द्यावी: ‘स्वेल १.२ मीटर, १५ सेकंद, नैर्ऋत्येकडून. वाऱ्याची लाट ०.९ मीटर, ५ सेकंद, वायव्येकडून. वारा ताशी २० किलोमीटर, वायव्येकडून’. दिशेपुढचा ‘कडून’ गाळू नये. लाट आणि वारा कुठून येतात ते सांगायची रीत आहे, सागरी प्रवाह मात्र कुठे जातो ते सांगतात. नुसते ‘नैर्ऋत्य’ छापले की वाचक उलट्या बाजूच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहतो.

आपले,
काही सर्फर वाचक