कर्लीच्या मुखाशी दोर टाकणाऱ्या दादांना

मागच्या रविवारी देवबागहून भोगव्याच्या शांत किनाऱ्यावर होडीने निघालो होतो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथेच इंजिन बंद पडलं. ओहोटी लागलेली, होडी बाहेर ओढली जाऊ लागली. अंगात लाइफ जॅकेट होतं, तरी आई माझा हात सोडेना. तेवढ्यात जाळी घेऊन परतणाऱ्या तुम्ही दोघांनी होडी वळवलीत, दोर फेकलात आणि सावकाश ओढत आम्हाला भोगव्याच्या वाळूला लावलंत. धाकट्या दादांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून आईला किनाऱ्यावर आणलं, स्वतःचा कोरडा पंचा तिच्या खांद्यावर टाकला. मी पैसे पुढे केले, तर थोरले म्हणाले, "पैशे नको, आवशीक आधी चाय पाजा."

नावं विचारायची राहिली. मनापासून आभार, दादांनो. पंचा धुऊन ठेवलाय. दिवाळीनंतर आईच घेऊन येतेय.