भीती बंदुकीने जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात व्हिडिओ गेमबद्दल काही छापून आलं की मुलं बिघडतात एवढंच असतं, म्हणून हे लिहितोय. २००५ साली आलेला 'फियर' नावाचा शूटर गेम घ्या, हातात एकसे एक बंदुका, वर वेळ स्लो करायची पॉवर, म्हणजे सैनिकांशी मारामारीत आपणच भारी आणि तरी माणूस टरकतो, कारण खरी भीती त्या सैनिकांची नाहीच, ती लाल ड्रेसमधल्या अल्मा नावाच्या मुलीची आहे आणि तिला गोळीने मारता येत नाही. ती दिसते ते बहुतेक वेळा फायरिंग थांबल्यावर. रिकामं ऑफिस, लुकलुकणारे दिवे, रेडिओची खरखर, आणि बराच वेळ काहीच होत नाही. हे काहीच न होणं बनवायला फार कसब लागतं हो.

२००४ च्या 'डूम ३' या शूटर गेममध्ये तर अंधारात टॉर्च धरा नाहीतर बंदूक, दोन्ही एकदम नाही. २०१२ च्या नव्या आवृत्तीत टॉर्च चिलखतालाच लावला, सोय झाली पण माझ्या मते निम्मी भीती गेली.

आमच्या लालबागला रात्री उशिरापर्यंत खाली बाइक, शेजारी टीव्ही, शांतता कुठली, हेडफोन लावल्याशिवाय हे गेम कळतच नाहीत. सिनेमा-नाटकाच्या परीक्षणाला जागा देता तशी गेमलाही एखादा कॉलम द्या ना, त्यात आवाज कसा वापरलाय, अंधार कसा वापरलाय यावर कोणीतरी मराठीत नीट लिहायला हवं.

– एक वाचक, लालबाग, मुंबई