विजयही खिलाडूवृत्तीने स्वीकारायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू झाला की उद्घाटनाच्या प्रत्येक भाषणात ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द हमखास ऐकू येतो. त्या शब्दाचा आपण वापर कसा करतो, हे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. ‘त्यांनी पराभव खिलाडूवृत्तीने स्वीकारला’ असे आपण सहज म्हणतो. ‘त्यांनी विजय खिलाडूवृत्तीने स्वीकारला’ हे वाक्य क्रीडाशिक्षक आणि पंच म्हणून काढलेल्या तीसेक वर्षांत माझ्या कानावर आलेले नाही. बक्षीस समारंभातही हाच हिशेब दिसतो. विजेत्यांना चषक, उपविजेत्यांना त्याहून लहान चषक आणि पहिल्याच फेरीत गारद झालेल्या एखाद्या संघाची समजूत काढण्यासाठी खिलाडूवृत्तीची ढाल. ती घ्यायला येणारा कर्णधार बहुधा खाली मान घालूनच येतो, कारण ती कशासाठी मिळते आहे हे त्याला नेमके ठाऊक असते.

या पत्राला निमित्त ठरलेला प्रसंग काही वर्षांपूर्वीचा आहे. मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्यात मी मुख्य पंच होतो. निर्णायक सेटमध्ये गुण बरोबरीत होते. समोरच्या संघाने मारलेला स्मॅश ब्लॉकच्या, म्हणजे तो अडवायला जाळ्यावर उंचावलेल्या हातांच्या, वरून गेला आणि अंतिम रेषेबाहेर पडला, तेव्हा मी ब्लॉक करणाऱ्या संघाला गुण दिला. चेंडू कोणाच्या हाताला लागल्याचे मला दिसले नव्हते, लाइनमनलाही दिसले नव्हते. जाळ्याजवळ उभ्या असलेल्या नववीतल्या मुलीने मात्र हात वर केला, उजव्या हाताचे मधले बोट दुसऱ्या हाताने धरून मला दाखवले आणि म्हणाली, “सर, टच आहे.” चेंडू तिच्या बोटाला लागून बाहेर गेला होता, म्हणजे गुण समोरच्या संघाचा होता. मी निर्णय फिरवला. पुढची सर्व्हिस होण्याआधीच तिच्या प्रशिक्षकांनी बदली खेळाडू मागितली आणि त्या मुलीला बाहेर बसवले. ते तिला रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. सेट संपेपर्यंत ती बाकाच्या टोकाला बसून होती, आणि तिच्या शेजारी बसलेल्या चौघीजणी त्या दिवशी जे शिकल्या ते कोणत्याही भाषणाने पुसले जाणार नाही.

मुलांना खिलाडूवृत्ती शिकवावी लागते, असे आपण गृहीत धरतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत ती बऱ्यापैकी असते. ती असल्याची शिक्षा त्यांना आपण मोठी माणसे देतो. मैदानाबाहेरून पंचांच्या नावाने ओरडणारे पालक सर्वांना दिसतात, त्यांच्याविषयी लिहूनही बरेच येते, म्हणून मी त्यात भर घालत नाही. खेळाडू बदलण्याच्या हक्काआड लपलेली ही मूक शिक्षा मात्र कुणाला दिसत नाही, आणि तिच्याविरुद्ध पंचाच्या खिशात कार्डही नसते.

दुसरे असे की, या विषयावर बोलताना आपण मुलांना अर्धेच सत्य सांगतो. १९५६ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत एक मैलाच्या शर्यतीत एकोणीस वर्षांचा रॉन क्लार्क पडला, तेव्हा त्या अंतराचा विश्वविक्रम नावावर असलेला जॉन लँडी थांबला, मागे वळून त्याच्यापाशी गेला, आणि पुन्हा धावत सर्वांना गाठून शर्यतही जिंकला. ही गोष्ट सांगायला आपल्याला आवडते, कारण शेवटी चांगल्या माणसाच्या गळ्यात माळ पडते. १९८० मध्ये वानखेडेवर झालेल्या सुवर्णमहोत्सवी कसोटीची गोष्ट वर्गात सांगणे अधिक अवघड आहे. इंग्लंडचा निम्मा संघ ५८ धावांत परतलेला असताना यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलेला नाही अशी खात्री असल्यामुळे भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. प्रामाणिकपणाची किंमत कधीकधी अशी रोख मोजावी लागते. हे मुलांपासून लपवून ठेवले, तर ती किंमत पहिल्यांदा मोजायची वेळ येईल त्या दिवशी त्यांना आपण फसवल्यासारखेच वाटेल.

खिलाडूवृत्तीसाठी वेगळे गुण द्यावेत आणि बरोबरी झाल्यास ते धरावेत, अशी सूचना अधूनमधून होते. तिच्याबद्दल मी साशंक आहे. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल असे सगळेच सारखे निघाले, त्यांचा आपसातला सामनाही बरोबरीत सुटला होता. अखेर चार पिवळी कार्डे विरुद्ध सहा, या ‘फेअर प्ले’च्या निकषावर जपान पुढे गेला. पण हा निकष आपल्या बाजूने आहे हे कळताच जपानच्या खेळाडूंनी पोलंडविरुद्ध एका गोलने मागे असूनही शेवटची जवळपास दहा मिनिटे चेंडू आपल्याच बाजूला नुसता फिरवत ठेवला आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. नियम कुठेही मोडला नव्हता. चांगुलपणाचे गुण मांडायला लागले की मुले चांगुलपणाआधी गुणांची बेरीज शिकतात, अशी मला भीती वाटते.

याउलट, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या शालेय स्पर्धेत जे घडले ते मला अधिक शिकवणारे वाटते. ३२०० मीटर शर्यतीच्या अखेरीस कोसळलेल्या स्पर्धक मुलीला मागून येणाऱ्या मुलीने उचलून आधार दिला, शेवटच्या रेषेपर्यंत नेले आणि रेषेवर तिला आपल्या पुढे केले, कारण पडण्यापूर्वी ती पुढे होती. नियमानुसार दोघीही बाद व्हायला हव्या होत्या. अधिकाऱ्यांनी तसे केले नाही. मुलीने आपले काम केले. तिथल्या मोठ्या माणसांनीही आपले काम केले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझी सूचना साधी आहे: शिट्टी मुलांच्या हाती द्या. माध्यमिक शाळेच्या संघातल्या प्रत्येक खेळाडूने हंगामात निदान चार-पाच सामन्यांत धाकट्या वर्गांसाठी पंच, लाइनमन किंवा गुणलेखक म्हणून काम करावे आणि त्याशिवाय त्याला आंतरशालेय संघात घेऊ नये. हा प्रयोग मी माझ्या संघांवर केला आहे. एका मोसमात पंचांशी सर्वाधिक हुज्जत घालणारा दहावीतला मुलगा मी सहावीच्या सामन्यात रेषेवर उभा केला. पहिल्या दहा मिनिटांत त्याने तीन निर्णय दिले, तिन्हींवर ओरडा झाला, आणि तिसऱ्या वेळी झेंडा अर्धवट वर धरून तो माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या आठवड्यात स्वतःच्या सामन्यात त्याच्याविरुद्ध असाच निर्णय गेला, तेव्हा तो नेहमीसारखा हात पसरून निघाला खरा, पण दोन पावलांवरच थांबला आणि बोलायचे काम त्याने कर्णधारावर सोडले. व्हॉलीबॉलच्या नियमानुसार पंचांशी बोलण्याचा अधिकार कर्णधारालाच असतो. हा नियम त्या मुलाला मी दोन वर्षे तोंडी सांगत होतो.

प्रशिक्षकांबाबत एकच मागणी आहे. सामन्यानंतर पंच जो अहवाल देतात, त्यात बेशिस्त वर्तनासाठी रकाना असतो. तसाच, स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट एखाद्या खेळाडूने आपणहून मान्य केली असल्यास ती नोंदवण्यासाठीही एक रकाना असावा आणि ती नोंद मुख्याध्यापकांपर्यंत जावी. तिच्यासाठी गुण किंवा ढाल अजिबात देऊ नये. आपल्या खेळाडूला त्यानंतर बाकावर का बसवले, हे प्रशिक्षकांना कुणीतरी विचारू शकेल, एवढ्यापुरताच त्या नोंदीचा उपयोग.

‘टच आहे’ म्हणणाऱ्या त्या मुलीच्या संघाने तो सेट गमावला आणि सामनाही. गुणपत्रिकेवर सही करून मी पुढच्या सामन्यासाठी लगेच उभा राहिलो. तिच्यापाशी जाऊन दोन शब्द बोलायला वेळ होता, पण मी गेलो नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक